दाईचा अगहन, माझा मार्गशीर्ष

आधी दाईचं सांगते, मग बाकीचं. ती आमच्या नात्यातली नाही, गावातली नाही, भाषेतलीही नाही. आमच्या काटेरी कुंपणापलीकडे तिची बाडी आहे. घरामागच्या भाजीच्या तुकड्याला इकडे बाडी म्हणतात. आणि छत्तीसगडीत आईला दाई म्हणतात, तसंच कुणाही म्हाताऱ्या बाईला. त्या हिवाळ्यात तिने स्वतःचा वाफा रिकामा ठेवला आणि माझा भरला. हे पहिल्याच ओळींत लिहून ठेवते, कारण पुढे सांगता सांगता मी माझ्याच काळज्यांत शिरेन आणि तिचं राहून जाईल. मला ती खोड आहे.

मी भंडाऱ्याकडची. आठवीनंतर शाळा सुटली. कुणी सोडवली असं नाही, आई अंथरुणाला खिळली आणि सकाळचा स्वयंपाक व शाळेची घंटा एकाच वेळेला येऊ लागली, तेव्हा सुटली. लग्न होऊन रायपूरला आले. गाडीने अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे, लोक म्हणतात हे काय लांब. पण लेकरू आजारी, नवरा पाळीवर, मग तो अर्धा दिवस कुठून काढायचा? कितीतरी दिवाळ्या मी माहेर पाहिलं नव्हतं. बाप मात्र दरवर्षी कुणाच्या तरी हाती मराठी कॅलेंडर पाठवायचा. तेच माझं माहेर, भिंतीला टांगलेलं.

पहिली काही वर्षं आम्ही सिलतऱ्याजवळ एका खोलीत राहिलो. नवरा तिथल्या कारखान्यात. सकाळी घासून पालथी घातलेली भांडी संध्याकाळी उचलली की खाली गोल पांढरा ठसा राहायचा, बाकी फरशी कारखान्याच्या धुळीने काळी. मला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. मग पोरगी झाली, चालायला लागली, आणि तिच्या छातीत शिट्टी वाजायला लागली. हिवाळ्यात जास्त. धुकं उतरलं की धूळही त्याच्यासोबत खाली बसायची, आणि पोरगी उशीवर टेकून बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टर दरवेळी तेच सांगायचे, की औषध देतो, पण जागा बदला. जागा बदला म्हणणं सोपं असतं. मी मान हलवायची आणि घरी येऊन फरशी पुसायची.

जागा मिळाली ती नवऱ्याच्या ओळखीतून. रायपूरच्या पंडरी बाजारात कापडाचं दुकान असलेल्या एका शेठजींनी नवा रायपूरच्या पलीकडे, एका जुन्या गावाच्या कडेला जमिनीचा तुकडा घेऊन ठेवला होता. बोअर होती, एक खोली होती. त्यांच्या म्हाताऱ्या आईला घरच्या मातीतली भाजी खायची हौस. आधीचा माणूस सोडून गेला आणि तणाने खोलीच्या खिडकीपर्यंत डोकं काढलं. शेठजींनी आम्हाला जागा दाखवली, पोरीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "देखो, एक सर्दी देखते हैं. होली तक बाडी से आलू, लहसुन, प्याज, भाजी, घर का निकलने लगा तो रहो आराम से. नहीं तो फिर मुझे किसी जानकार को रखना पडेगा."

त्यांचं काही चुकलं नाही. एक हिवाळा पाहू, असं त्यांनी आपलं स्पष्ट सांगितलं. पण मला धान रोवता येतं, निंदता येतं, कापता येतं. भाजीचं मला काही येत नव्हतं. आमच्या गावात भाजी बाजारातून यायची, ती पिकवणारे वेगळे. हे मी शेठजींना सांगितलं नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, हो जमेल.

पहिल्या आठवड्यातच, पितरांच्या अवसेच्या सकाळी, मी फावडं घेऊन तण काढायला उतरले. दोन हात मारले नसतील, तर कुंपणापलीकडून आवाज आला, "ए बहू, आज अमावस हे, धरती ला झन छू." आज मातीला हात लावू नको. पाहिलं तर एक ठेंगणी म्हातारी, गुडघ्यावर हात ठेवून उभी. मला आधी रागच आला. अवसेला नांगर धरत नाहीत हे मलाही ठाऊक होतं, पण होळी माझ्या डोक्यावर बसली होती, मी अवस काय पाहणार? मी म्हटलं, दाई, उशीर झालाय. ती म्हणाली, एका दिवसाने काय होतं, आज बस. आणि तिने कुंपणाच्या फटीतून एक दुधीभोपळा आत सरकवला. तिच्याशी झालेली ती पहिली ओळख.

त्यानंतर ती रोज कुंपणाशी यायची. हिंदी आणि छत्तीसगडी मिसळून बोलायची. मी हिंदीत बोलायची, मध्येच माझं भंडाऱ्याचं मराठी घुसायचं, आणि आमचं दोघींचं बरोबर भागायचं. तिचं सगळं चंद्रावर. पंधरवड्याला ती पाख म्हणायची. चांदण्याचा तो अंजोरी पाख, काळोखाचा तो अंधियारी. जे मातीच्या खाली वाढतं, मुळा, आलू, लसूण, ते चंद्र उतरताना दाबायचं. जे वर वाढतं, पालक, मेथी, लाल भाजी म्हणजे आपला लाल माठ, टमाटर, ते चंद्र चढताना. अवसेला आणि पुनवेला हात धुऊन बसायचं. का, असं मी विचारलं तर म्हणायची, मला काय माहीत, माझ्या सासूला विचार, ती वर गेली आहे. आणि हसायची.

मला ते आवडलं, खरं सांगते. चंद्राने काय होतं हे मला आजही ठाऊक नाही. पण माझ्यासारख्या घाबऱ्या बाईला रोज सकाळी उठून काय करू, काय करू होत होतं. दाईच्या हिशेबात काय करायचं ते आकाशात लिहिलेलं होतं, आणि काही दिवस तर काहीच करायचं नाही असंही लिहिलेलं होतं. आश्विनाच्या चांदण्या पाखात आम्ही लाल भाजी आणि पालक टाकला. सात-आठ दिवसांत मातीवर लाल रेघा उमटल्या आणि मी पोरीला उचलून तिथे उभी राहिले. त्या दिवशी मला पहिल्यांदा भूक लागल्यासारखी भूक लागली.

दिवाळीच्या आधी, चंद्र उतरताना, दाईने स्वतःच्या अंगणात, छपराच्या वळचणीला कांद्याचं बी टाकलं. कांद्याला ती गोंदली म्हणायची. रोपं झाली की तुला काठाकाठाने लावायला थोडी देईन म्हणाली, आणि तू आलू-लसणाचंच बघ. मग दिवाळी झाली आणि तिच्या लेकीकडून निरोप आला. लेक धमतरीकडच्या गावात, बाळंतपण जवळ आलेलं, घरात धान कापायला माणसं नाहीत. दाई निघाली. निघताना कुंपणाशी आली आणि मला पुन्हा पुन्हा बजावून गेली, की अगहनच्या अंधियारी पाखात आलू आणि लसूण दाबून टाक, विसरू नको, घाई नको, उशीर नको. मी म्हटलं, दाई, अगदी अगहनच्या अंधाऱ्या पाखातच लावते. अगहन म्हणजे मार्गशीर्ष, एवढं मला कळत होतं.

ती गेली आणि मी आत येऊन कॅलेंडर पाहिलं. मार्गशीर्षातला वद्य पक्ष शोधला. तिथे कुंकवाचं बोट लावलं.

पुढचे दिवस मी बाडीची अशी सेवा केली की काय सांगू. सऱ्या पाडल्या, शेणखत घातलं, ढेकळं हाताने फोडली. शेठजींच्या दुकानातल्या माणसाने आलूचं बेणं आणि लसूण आणून दिला. मी ते पोत्यावर पसरून ठेवलं, रोज पालटायची. कार्तिकाची पुनव झाली, चंद्र उतरायला लागला. पलीकडे दाईची सून एका सकाळी सऱ्या उघडून बसली आणि आलू दाबायला लागली.

मला वाटलं, ही सासू नसल्याचं पाहून आपली मनमानी करून राहिली. दाई बिचारी अगहन-अगहन करत गेली आणि ही कार्तिकातच उरकून टाकते. तिने मला विचारलं, "दीदी, आप नहीं लगा रहे?" मी म्हटलं, हम बाद में लगाएंगे. ती म्हणाली, मराठी लोगों का अलग होता होगा. मी मनात म्हटलं, येऊ दे तुझ्या सासूला.

नवरा तर रोज विचारायचा. त्याचे बिचाऱ्याचे हाल. सिलतरा या टोकाला, आम्ही त्या टोकाला. नवा रायपूरचे रस्ते एवढाले रुंद, पण त्यांच्यावर बस शोधून सापडत नाही. जुन्या मोटरसायकलवर तो थंडीत निघायचा, छातीला वर्तमानपत्र लावून. घरी आला की चहाआधी सऱ्यांकडे नजर.

"काहून थांबली अजून? लावून टाक ना," तो म्हणायचा.

"दाईनं सांगतलं आहे अगहनात."

"अन् अगहन कवा आहे?"

"कॅलेंडरात पाय ना, कुंकू लावलं आहे."

तो पाहायचा आणि म्हणायचा, "तुले बेणं दिसून राहिलं का? त्याले मिशा फुटल्या."

खरंच फुटल्या होत्या. बेण्याला लांब पांढरे कोंब आले, आलू सुकून सुरकुतले. मला रात्री झोप लागेना, पण मी थांबले. दाईचा शब्द माझ्याकडे होता. तिने घाई नको म्हटलं होतं. मी कधी कुणाचा शब्द मोडून काही केलेलं नाही, माझ्यात तेवढी हिंमतच नाही. उलट मला वाटत होतं की एवढी कळ सोसली म्हणजे पीकही तेवढंच चांगलं येणार.

मार्गशीर्ष लागला. मी गुरुवार धरले, कळस मांडला. पोरीची छाती, एवढं एकच मागणं. या हवेत ती सुधारत होती, मला दिसत होतं. सकाळी अजून शिट्टी वाजायची, पण रात्री ती आडवी होऊन झोपायला लागली होती. त्यामुळे मला जास्तच भीती वाटायची. जोवर ती उशीला टेकून झोपत होती तोवर घालवायला काही नव्हतं. आता होतं.

मार्गशीर्षाची पुनव गेली. दोन दिवस सोडून मी बेणं कापायला बसले, प्रत्येक तुकड्याला डोळा ठेवून, राख लावून. त्यात गुरुवार आला. सकाळी पूजा आटपली आणि दोन सऱ्या भरल्या. तिसरीत हात घातला होता, तेवढ्यात कुंपणाशी आवाज आला. दाई परतली होती. उन्हाने अजून काळी झालेली, हातात लेकीकडच्या नव्या तांदळाची पिशवी. नातू झाला म्हणाली. मला इतका आनंद झाला की मी मातीच्या हातानेच उठले. म्हटलं, दाई, बरं झालं आलीस, आज आमचा गुरुवार आहे, संध्याकाळी प्रसादाला ये, अजून एक गुरुवार राहिला.

तिने पिशवी खाली ठेवली. "अगहन तो पुन्नी के दिन निपट गे, बहू," ती म्हणाली. अगहन तर पुनवेलाच संपला.

मी म्हटलं, नाही दाई, अर्धा राहिलाय. आणि मग हळू आवाजात, तिची सून ऐकणार नाही असं, तिला सांगितलं की तुझ्या सुनेने घोळ केला, कार्तिकातच आलू दाबून मोकळी झाली.

दाईने माझ्या सऱ्यांकडे पाहिलं. मग माझ्या टोपलीकडे. तिचं हसू हळूहळू गेलं. तिने विचारलं, "अब लगावत हस?" आता लावते आहेस?

आम्ही तिथेच, कुंपणाच्या दोन बाजूंना बसून बोटं मोजली. मी आतून कॅलेंडर काढून आणलं. तिला वाचता येत नाही, तिला पुनव आणि अवस तेवढी चित्रावरून ओळखता येते, आणि तेवढ्यावरच उलगडा झाला. आमचा महिना अवसेनंतर सुरू होतो, आधी चांदणं, मग अंधार. त्यांचा महिना पुनवेनंतर सुरू होतो, आधी अंधार, मग चांदणं. चांदण्याचा पाख दोघांचा एक. अंधाराचा पाख मात्र तिच्या महिन्याच्या तोंडाला आणि माझ्या महिन्याच्या शेपटाला. तिचा अगहनचा अंधार कार्तिकी पुनवेनंतर आला आणि गेला. त्याच अंधारात तिच्या सुनेने आलू दाबले. त्याच अंधारात मी सऱ्या पाडून, हात जोडून बसले होते. आता हा चालू होता तो तिच्या पुसाचा, म्हणजे पौषाचा, अंधार. एक सबंध महिना उशीर.

दोघींपैकी कुणी खोटं बोललं नव्हतं, कुणी चुकीचं ऐकलं नव्हतं. मी तर तिचा शब्द न् शब्द पाळला होता. तेच मला सहन होईना. चूक झाली असती तर स्वतःला दोन शिव्या तरी दिल्या असत्या.

दाईने कपाळावर हात मारला नाही, की अरेरे केलं नाही. तिने माझी चिमूटभर माती घेतली, चोळली. मग सांगितलं की हे आलू आता वाढतील, पाला येईल, पण फुगायच्या वेळी ऊन चढेल. गोट्या होतील. लसणाचीही पात येईल, गड्डे भरणार नाहीत. मला समोर फक्त उशीला टेकून बसलेली पोरगी दिसत होती. दाईने विचारलं, का रडतेस? मी रडत होते हे मला तिने विचारल्यावर कळलं. मग मी तिला होळीचं सांगितलं, शेठजींची अट, सिलतरा, शिट्टी, सगळं. तोवर तिला वाटत होतं की आम्ही इथले पगारी राखणदार आहोत, बाडी आमची हौस.

ती उठली. उठताना गुडघा धरून आई गं म्हणाली. आपल्या अंगणात गेली आणि वळचणीच्या रोपांवरची काटक्या-कुटक्या बाजूला सारल्या. कांद्याची रोपं वीतभर झाली होती, दाट, हिरवीगार. तिने मला हाक मारली.

"पूस के अंधियारी गोंदली के होथे," ती म्हणाली. "तोर अगहन निकल गे, मोर पूस तो हे."

पुसाचा अंधारा पाख कांद्याचा असतो. तुझा अगहन निघून गेला, माझा पूस तर आहे ना.

मला आधी कळलंच नाही ती काय देते आहे. वाटलं, काठाकाठाने लावायला म्हटली होती ती थोडीशी. ती तर वाफाच्या वाफा उपटायला बसली. तिच्या बाडीत कांद्यासाठी वाफे तयार होते, सुनेने खत घालून ठेवलेले. सून घरातून धावत आली. म्हणाली, अम्मा, सगळं देऊन टाकलं तर आम्ही वर्षभर काय खाणार?

"मोर मूड ला खा, रोज तो खाथस," दाई म्हणाली. माझं डोकं खा, रोज खातेसच.

सून रागावून आत गेली. मी दाईचा हात धरला, म्हटलं, नको, अर्धी ठेव. तिने ऐकलं नाही. स्वतःला थोडी ठेवली, चुलीपुढे पात खाण्यापुरती. थोड्या वेळाने सून पुन्हा बाहेर आली, तोंड फुगवलेलंच, पण हातात खुरपी. माझ्याजवळ येऊन म्हणाली, "मैंने तो उसी दिन पूछा था ना दीदी." मग स्वतःच हसायला लागली. मीही हसले, आणि तिच्याबद्दल मनात जे आणलं होतं त्याची मला लाज वाटली.

अवस जवळ आली होती. तिच्या आत लावणं व्हायला हवं होतं, कारण अवसेला मातीला हात नाही. आम्ही तिघी लागलो. सकाळी दव इतकं असायचं की पदर पिळावा लागे. बोटं बधिर व्हायची, मग ती काखेत धरून बसायचं. दाईला उकिडवं बसता येत नव्हतं, ती पाटावर बसून सरकत सरकत लावायची आणि सारखी मला ओरडायची, खोल नको, खोल नको, मान बाहेर ठेव, तिलाही श्वास घ्यायचा आहे. नवरा सुटीच्या दिवशी पाणी द्यायला उभा राहिला. त्याला मी सगळं सांगितलं होतं. मला वाटलं होतं टोमणा मारेल. तो म्हणाला, "माही माय बी आपलं कॅलेंडर पाहूनच सांगे मले. मीबी तेच केलं असतं." मग पाणी वळवता वळवता, "पण पुढच्या वर्षी बेण्याच्या मिशा पाहजो, चंद्राआधी."

माझ्या तिन्ही सऱ्यांत आलू मी लावलेच, आता टाकायचे कुठे. लसूणही. आणि मग काही करायचं उरलं नाही, निंदणं आणि पाणी सोडून. तो पूस मला आठवतो तो थकव्याने. अंगात दुखणं नाही, पण सकाळी उठताना कुणीतरी पायांना माती बांधल्यासारखं व्हायचं. रोज वाटायचं, रोपं मेली. आठ दिवस ती आडवी पडली होती, पिवळी. दाई कुंपणावरून म्हणायची, रुसली आहेत, माहेर सुटलं ना त्यांचं. तुझ्यासारखीच. एक दिवस उभी राहिली.

पुसाच्या पुनवेला इकडे छेरछेरा असतो. नवं धान घरात आलेलं असतं, पोरं दारोदार जाऊन धान मागतात. दाईच्या सुनेने माझ्या पोरीच्या गळ्यात पिशवी अडकवली आणि पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, पोरांसोबत सोडून दिलं. मी मागून ओरडतेय, धावू नको, थंडी आहे, दम लागेल. ती धावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, ओरडत. परत आली तेव्हा पिशवी अर्धी भरली होती, गाल लाल झाले होते. मी तिच्या पाठीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. ती म्हणाली, "आई, काय ऐकून राहिली?" मी म्हटलं, काही नाही. खरंच काही ऐकू येत नव्हतं.

माघात मी चांदण्या पाखात मेथी टाकली, पालक पुन्हा टाकला, या वेळी दाईला विचारून, आणि तारीख तिच्या महिन्याने. फागुन आला. होळीच्या आधी शेठजी आईला घेऊन आले. म्हातारी गाडीतून उतरली, मी खुर्ची मांडली. शेठजी सऱ्यांतून फिरले. आलू उकरून पाहिले. बोराएवढे, फार तर आवळ्याएवढे. लसूण पातीवरच संपलेला. त्यांची चढलेली भुवई मला दिसली. मी तोंडात पदर धरला. सांगावं की नाही, महिन्याचं, अवस-पुनवेचं? मला सांगता आलं असतं का?

शेवटच्या वाफ्यांत कांदे होते. पूर्ण झाले नव्हते, त्यांना चैत लागतो. पण बुडाशी लिंबाएवढे गोल, पांढरे, आणि वर मांडीपर्यंत हिरवी पात. शेठजींच्या आईने एक उपटायला सांगितला. मी बोअरखाली धुऊन दिला. तिने पात मोडून खाल्ली, मग कांदा दाताने फोडला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, "रोटी है क्या घर में?"

रोटी नव्हती, भाकर होती, सकाळची. तिने ती कांद्यासोबत खाल्ली. त्या गोट्या-आलूंचं विचारलं, तर मी म्हटलं सालीसकट भाजून चांगले लागतात. तिने ते पिशवीत भरून घेतले. शेठजी आईकडे बघत होते. मग मला म्हणाले, "ठीक है. अगली सर्दी तक रहो. पर आलू टाइम पे."

अगली सर्दी तक. एवढंच मिळालं. कायमचं नाही. मी हात जोडले. ते गेल्यावर कुंपणाशी गेले तर दाई उभीच होती, सगळं ऐकत. मी काही बोलायच्या आत म्हणाली, जा, चूल पेटव, लेकरू भुकेलं असेल. तिच्या मागे तिचे कांद्याचे वाफे दिसत होते. रिकामे, त्यांत गवत उगवलेलं. त्या वर्षी त्यांच्या घरी कांदा बाजारातून आला, आणि सून प्रत्येक वेळी पिशवी घेऊन माझ्या दारावरून मुद्दाम हळू चालत जायची. हसत. पण जायची.

हे लिहिते आहे तो पुन्हा हिवाळाच आहे. पोरगी शाळेत जाते. नवरा तसाच वर्तमानपत्र छातीला लावून निघतो. या वर्षी मी आलू आणि लसूण कार्तिकी पुनवेनंतरच्या अंधारातच दाबले, कॅलेंडरवर दोन्ही महिने शेजारी लिहून. दिवाळीआधी कांद्याचं रोपही स्वतः टाकलं, आणि मनात धरलं होतं की या पुसात पहिला वाफा दाईचा भरेन. मग दिवाळीनंतर अवकाळी पाऊस आला, तीन दिवस थांबला नाही, आणि माझी रोपं जागच्या जागी कुजली. दाईची वळचणीखाली होती म्हणून वाचली. तिचा गुडघा आता वाकत नाही. सून नवा रायपूरला एका कँटीनमध्ये कामाला जाते, बाडी अर्धी परिया, म्हणजे पडीक, झाली आहे. तरी तिने काल बाजेवर बसल्या बसल्या मला हाक मारली आणि वळचणीकडे बोट केलं. उपटून घे म्हणाली.

मी तिचे वाफे खणून दिले, खत घातलं, आधी तिथे लावलं आणि उरलेलं माझ्याकडे आणलं. पण ती रोपं तिचीच. ते फेडणं नव्हे, नुसती मजुरी. दाई, या वर्षी पुन्हा तुझ्याच वळचणीतून घेतलं. एका पुसाच्या अंधारात मी माझ्या हाताने वाढवलेली रोपं घेऊन कुंपणाच्या या बाजूने येईन, तुझे सगळे वाफे काठोकाठ भरीन, आणि तू फक्त बाजेवर बसून मला ओरडायचं, खोल नको, खोल नको. तोवर बसून राहा.